एकसष्ट टक्के

कुत्र्यानं माझी पोटरी धरली तेव्हा माझ्या डोक्यावर दळणाचा डबा होता. डबा पडू नये म्हणून मी दोन्ही हात वरच ठेवले. पाय झाडला, ओरडले, पण हात काही खाली आणले नाहीत. ते कुत्रं भुंकलं नव्हतं की गुरगुरलं नव्हतं. गिरणीमागच्या बोळातून मान खाली घालून आलं, चावलं, आणि तसंच मान खाली घालून पुढं निघून गेलं. जसं काही त्याला दुसरीकडंच कुठं तरी जायचं होतं. त्याच्या तोंडातून लाळेची तार लोंबत होती.

माझ्याबरोबर तबस्सुम होती. आमच्या शेजारच्या घरातली, माझ्याच वर्गातली. तिनं दगड उचलेपर्यंत कुत्रं दिसेनासं झालं.

"वैजू, रक्त!"

"पीठ सांडलं का?" मी विचारलं.

"अगं, पायातून रक्त येतंय तुझ्या!"

मी डबा खाली ठेवून आधी झाकण बघितलं. ते घट्ट होतं. मग पाय बघितला. दातांच्या खुणा खोल गेल्या होत्या आणि रक्त पार चपलेपर्यंत आलं होतं. तबस्सुमनं मला ओढतच हापशावर नेलं. ती हापसत होती आणि मी पाय धरून उभी होते. कुणी तरी दगडावर धुण्याच्या साबणाचा तुकडा विसरलं होतं. फ्रॉकलाही रक्त लागलं होतं म्हणून तिनं फ्रॉक धुतला, पाय धुतला, पुन्हा साबण लावून पुन्हा धुतला. इतकी आग झाली की मी ओठ चावून धरला.

"घरी सांगू," ती म्हणाली.

"नको."

"अगं, इंजेक्शनं घ्यावी लागतात. पोटात. माझ्या मामूला कुत्रं चावलं होतं, तर डॉक्टरनं एवढे पैसे घेतले की मामीनं बांगडी मोडली."

बांगडी मोडली हे ऐकलं आणि माझं ठरलं.

"कुणाला सांगायचं नाही," मी म्हणाले. "शपथ घे."

तिनं शपथ घेतली, पण तिचा चेहरा उतरला होता. "वैजू, ते कुत्रं पिसाळलेलं असलं तर? पिसाळलेलं चावलं की माणूस पाण्याला भितो. पाणी बघितलं की गळा आवळतो. मग भुंकायला लागतो. मग मरतो."

मी हापशाच्या धारेखाली ओंजळ धरली आणि घटाघटा पाणी प्याले. "बघ. काही झालं नाही."

मी तेव्हा सहावीत होते. आमच्या घरात त्या वेळी टक्का होता.

माझे वडील, त्यांना आम्ही नाना म्हणायचो, जालन्याच्या एमआयडीसीत एका स्टीलच्या कारखान्यात भट्टीवर होते. भंगार वितळवून त्याचं पुन्हा लोखंड करायचं, त्या भट्टीचे ते मेल्टर. पगार आमच्या गल्लीत सगळ्यांत चांगला आणि राहणी सगळ्यांत हलकी. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी नाना स्वयंपाकघराच्या दारामागं खडूनं एक आकडा लिहायचे. पगाराच्या शंभर रुपयांतले किती मागं पडले, म्हणजे शिल्लक राहिले, तो आकडा. त्यालाच आम्ही टक्का म्हणायचो.

टक्का म्हणजे काय ते नानांनी मला भाकरीवर शिकवलं होतं.

"समज, महिनाभर काम केलं की मला दहा भाकरी मिळतात. दहाच्या दहा खाल्ल्या तर?"

"तर पुढच्या महिन्यात परत कामाला जावं लागेल."

"आणि पाच खाल्ल्या तर?"

"पाच उरतील."

"म्हणजे एक महिना काम केलं की एक महिना घरी बसता येतं. चारच खाल्ल्या तर?"

मी बोटांवर मोजून हिशोब केला. "दीड महिना!"

"शाबास. खायचं कमी केलं की उरतं जास्त, आणि पुढं लागतंही कमी. दोन्हीकडून फायदा. वर पोस्टाचं व्याज. एक दिवस असा येईल की घर नुसत्या व्याजावर चालेल. त्या दिवशी मी काम सोडणार. चाळिशी उलटायच्या आत."

हे सांगताना नानांचे डोळे असे चमकायचे की मला टक्का म्हणजे सणच वाटायचा. आई साबणाची वडी दोऱ्यानं कापून निम्मी करायची. शेजारणींच्या साड्यांना फॉल लावायची. मी पेन्सिल बोटांत मावेनाशी होईपर्यंत वापरायची. कुणी सक्ती केली नव्हती. नाना मला भागीदार म्हणायचे आणि मला ते खरं वाटायचं.

फक्त आदल्या महिन्यात बिघडलं होतं. आईची दाढ सुजली, ती काढावी लागली, वर औषधं. टक्का चव्वेचाळीसवर आला. नानांनी तो लिहिला आणि मागच्या अंगणात धुण्याच्या दगडावर जाऊन बसले. मी जेवायला बोलवायला गेले तर त्यांचे हात थरथरत होते. मला बघून त्यांनी ते मांडीखाली दाबले. नाना एवढे रागावलेले मी कधी बघितले नव्हते. आईला तर ते काहीच बोलले नाहीत, आणि ते मला जास्त वाईट वाटलं.

म्हणून मी ठरवलं की रविवार होऊन जाऊ द्यायचा. आकडा एकदा दारावर लिहिला की त्यानंतरचा खर्च पुढच्या महिन्यात जातो, हे मला माहीत होतं. रविवारी दुपारी सांगायचं. तोवर काही होत नाही.

पण कुत्रं चावलं होतं मंगळवारी.

बुधवारी उठल्या उठल्या मी तांब्याभर पाणी प्याले. घोट नीट गेला. शाळेत मोजे वर ओढून बसले. जखमेवर मोजा चिकटला होता, तो काढताना डोळ्यांत पाणी आलं. डोळ्यांतल्या पाण्याची भीती वाटते का तेही मी तपासून बघितलं.

"पाय कामून ओढतीस?" आईनं विचारलं.

"ठेच लागली."

"बघू."

"लागली होती, बरी झाली." मी पळाले. पळताना पोटरीत कळ आली, तरी पळाले.

गुरुवारी आंघोळीला बसले आणि बादलीतलं पाणी हललं. त्यात माझं तोंड वाकडंतिकडं दिसलं. अंगावर काटा आला. हा गारठ्याचा काटा की तो दुसरा? मी तांब्या भरला आणि तो डोक्यावर ओतायला हात वर जाईना. बाहेरून आई ओरडली, "झाली का नाही गं?" तेव्हा डोळे गच्च मिटून ओतला. त्या दिवसापासून मी तहान लागली नसतानाही पाणी प्यायला लागले. दर तासाला एक घोट. घोट खाली उतरला की तेवढ्यापुरतं हायसं वाटायचं, आणि मग लगेच पुढच्या घोटाची धास्ती.

शुक्रवारी तबस्सुम मधल्या सुट्टीत माझ्याजवळ आली, पण डबा न उघडताच बसली.

"ते कुत्रं मारलं," ती म्हणाली. "मोंढ्यात. लोकांनी काठ्यांनी. एका भाजीवालीला चावलं, एका हमालाला चावलं. सगळे म्हणत होते पिसाळलेलं होतं."

मी मोजा आणखी वर ओढला.

"अब्बा सांगत होते. वैजू, मी माझ्या अम्मीला सांगू?"

"तू शपथ घेतलीस."

"पण तू मरशील."

"रविवारी सांगणार आहे मी. परवा तर रविवार." माझा आवाज घोगरा निघाला. तबस्सुमनं तो ऐकला आणि ती बाकावर थोडीशी मागं सरकली. थोडीशीच, पण सरकली. माझी एवढी जिवाभावाची मैत्रीण मला भ्याली, हे मला कुत्र्याच्या चावण्यापेक्षा जास्त लागलं.

शनिवारी वरणभात गिळेना. घास तोंडात फिरत राहिला. आईनं कपाळाला हात लावला, ताप नव्हता. त्या दिवशी पहाटे नाना पहिल्या पाळीला निघाले होते. रोज निघायच्या आधी ते मागच्या मोरीत जायचे आणि तिथून ओकारीचा आवाज यायचा. पित्त आहे म्हणायचे. त्या दिवशीही आला. मी अंथरुणात पडून तो आवाज ऐकला आणि मला वाटलं, आपल्यालाही असंच होईल, फक्त आपला आवाज कुत्र्यासारखा येईल.

रविवार उजाडला. नाना आंघोळ करून, पांढरा सदरा घालून स्वयंपाकघरात पाटावर बसले. आईनं किराणा, दूध, लाईट, शाळा, दळण सगळं तोंडी सांगितलं, नानांनी पाटीवर मांडलं. मी चुलीजवळ बसून होते. पोटरी ठणकत होती.

नानांनी भागाकार केला. पुन्हा केला. मग खडू घेऊन उठले आणि दारामागं लिहिलं. एकसष्ट.

"साठच्या वर!" ते ओरडले. "अगं, साठच्या वर गेलो आपण! पहिल्यांदा!" त्यांनी मला काखांत हात घालून उचललं, आढ्यापर्यंत. मी अकरा वर्षांची होते, उचलून घेण्याएवढी लहान नव्हते. वरून मला त्यांचा चेहरा दिसला. इतका हलका झालेला चेहरा.

"आता सांगू," मी मनात म्हटलं. "आकडा लिहून झाला. आता सांगायला हरकत नाही."

"थांबा," नाना म्हणाले. "आज लिंबू सरबत. साखर मोजू नको गं आज."

आईनं सरबत केलं. स्टीलचे तीन पेले भरले. नानांनी माझ्या हातात पेला दिला. "भागीदार, हाण."

पेला ओठाला लावला. सरबत ओठावर आलं आणि माझा गळा आवळला. खरंच आवळला. श्वास आत जाईना, बाहेर येईना. पेला हातातून सुटला. सरबत पायावर सांडलं, पोटरीवरून ओघळलं, आणि माझ्या घशातून एक आवाज निघाला. तो मला माझा वाटला नाही.

"काय झालं? वैजू! काय झालं?"

"नाना, मला कुत्रं चावलंय," मी ओरडले. "पिसाळलेलं. मी मरणार आहे. माझ्याजवळ येऊ नका."

नानांनी माझा फ्रॉक वर केला. जखम बघितली. त्यांच्या तोंडावरचा रंग माझ्यासमोर गेला.

"कधी?"

"मंगळवारी."

त्यांनी आणखी काही विचारलं नाही. मला उचललं, सायकलच्या दांडीवर बसवलं आणि निघाले. मागून आईचा आवाज येत होता, पण ते थांबले नाहीत. चपलासुद्धा घातल्या नव्हत्या. चढावर लोक उतरून सायकल ढकलत नेतात, नाना उभे राहून पायडल मारत होते. त्यांची छाती माझ्या पाठीला लागत होती आणि आत धडधड चालली होती. ते सारखं एकच म्हणत होते, "श्वास घे. श्वास घेत राहा."

सरकारी दवाखान्यात रविवारी एक तरुण डॉक्टर आणि एक सिस्टर होती. डॉक्टरनं पाय बघितला, डोळे बघितले, मान हलवून बघितली. मग सिस्टरला म्हणाला, "पाणी आणा."

सिस्टरनं पेलाभर पाणी आणून माझ्यासमोर धरलं.

"पी," डॉक्टर म्हणाला.

मी नानांकडं बघितलं. नाना भिंतीकडं तोंड करून उभे होते. दोन्ही तळवे भिंतीला टेकवलेले. पाठ हलत होती.

"सावकाश," सिस्टर म्हणाली. "मी धरते पेला. तुझं नाव काय?"

"वैजयंता."

"कितवीत आहेस?"

"सहावीत."

"वर्गशिक्षिका कोण?"

"आमटे बाई."

"मारतात का?"

"नाही. कधी कधी."

"घे घोट."

मी घोट घेतला. तो गेला. मी दुसरा घेतला. तोही गेला. मग मी पेला दोन्ही हातांनी धरला आणि संपवला. पाणी हनुवटीवरून फ्रॉकवर सांडत होतं आणि मला आणखी हवं होतं.

"घसा भीतीनं आवळला होता," डॉक्टर म्हणाला. "हा रोग इतक्या लवकर दिसत नाही. धुतली होती का जखम?"

"हापशावर. साबणानं. तबस्सुमनं."

"तिनं मोठं काम केलं. अजून वेळ गेलेली नाही. पण आणखी उशीर चालला नसता. आजपासून रोज यायचं, एकही दिवस चुकवायचा नाही."

नाना भिंतीपासून वळले. त्यांनी डोळे पुसले नाहीत. इंजेक्शन पोटात दिलं. दुखलं, पण मला त्याचं काही वाटलं नाही. नानांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला.

"किती झाले?"

"कशाचे?" सिस्टर सुई बाजूला ठेवत म्हणाली. "हे फुकट असतं."

नानांचा हात खिशातच राहिला. मग ते बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसले. मी त्यांच्याजवळ बसले. त्यांच्या अनवाणी पायांना धूळ लागली होती आणि एका अंगठ्यातून रक्त येत होतं.

"कामून सांगितलं नाहीस?" त्यांनी विचारलं.

"टक्का खाली गेला असता."

नानांनी डोळे मिटले.

"टक्का तुझ्यापेक्षा मोठा आहे असं मी कधी म्हटलं?"

"नाही. पण आईची दाढ काढली तेव्हा तुम्ही किती रागावला होता. तुमचे हात थरथरत होते."

"रागावलो नव्हतो, वैजू." ते थांबले. "भ्यालो होतो."

मला कळलं नाही. नाना भीत असतील हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

"तुला महादूकाका आठवतो?"

आठवत होता. नानांबरोबर भट्टीवर होता. आमच्याकडं यायचा तेव्हा खिशातून फुटाणे काढून द्यायचा. "ते गावी गेले ना?"

"गावी नाही गेला. भंगारात एक लोखंडी नळकांडं आलं होतं, दोन्हीकडून बंद. आत पाणी असणार. ते भट्टीत पडलं की फुटतं. सगळा वितळलेला रस वर उडतो. मी तेव्हा पाठ फिरवली होती, महादू समोर होता. तो गेला." नाना व्हरांड्याच्या फरशीकडं बघत होते. "दोन वर्षं झाली. तेव्हापासून भंगाराचा प्रत्येक ढीग आत पडताना मला वाटतं, यातच आहे. दिवसभर तेच. सकाळी घरातून निघताना पोट उलटतं. टक्का वाढला की वाटतं, एवढे महिने कमी झाले. टक्का पडला की वाटतं, एवढे महिने आणखी भट्टीसमोर उभं राहायचं."

"मग तुम्ही कामून सांगितलं नाही?"

नानांनी माझ्याकडं बघितलं.

तेवढ्यात दवाखान्याच्या फाटकात रिक्षा थांबली आणि आई उतरली. आमच्या घरातलं कुणी रिक्षात बसलेलं मी बघितलं नव्हतं. मागं तबस्सुम आणि तिची अम्मी होती. आईनं येऊन आधी मला एक थापड मारली, मग घट्ट धरलं, आणि मग ती इतकी रडली की सिस्टर बाहेर आली.

"बरी आहे ती," नाना म्हणाले. "पाणी प्याली."

"आई," मी तिच्या पदरातून म्हणाले, "नानांना पण भीती वाटते. रोज. भट्टीची. महादूकाका गावी नाही गेले."

"वैजू," नाना म्हणाले. पण ते म्हणेपर्यंत मी सगळं सांगून टाकलं होतं. नळकांडं, पोट उलटणं, महिने मोजणं. पाच दिवस एक गोष्ट पोटात ठेवून मला पुरे झालं होतं. आणखी एक मला ठेवायची नव्हती.

आई उभीच राहिली. तबस्सुमच्या अम्मीनं मुलींना हाताला धरून पायऱ्यांवर नेलं, पण तिथूनही सगळं ऐकू येत होतं.

"ते पित्त नव्हतं तर," आई म्हणाली.

नाना अंगठ्यावरचं रक्त पुसायला लागले.

"दोन वर्षं मी तुम्हाला सकाळी लिंबू पिळून देतेय."

"काय सांगणार होतो? सांगून तू काय करणार होतीस?"

आई बाकाच्या टोकाला बसली. तिनं नाक पुसलं आणि अगदी किराणा सांगते त्या आवाजात विचारलं, "पोस्टातलं व्याज महिन्याला किती घर चालवतं?"

"निम्मं. निम्म्याला थोडं कमी."

"मग उरलेल्या निम्म्याला भट्टी कशाला पाहिजे? पावपट पगाराचं साधं काम गावात कुणी देणार नाही का?"

"मग मागं काय पडेल? काहीच नाही. मग सुटणार कधी मी? सगळ्यांसारखं म्हातारपणापर्यंत काम करत बसावं लागेल."

"करा की," आई म्हणाली. "लोक करतात. पण संध्याकाळी घरी तर याल."

त्यांचे हात मांडीवर होते आणि थरथरत होते. या वेळी त्यांनी ते लपवले नाहीत.

सोमवारी दुसरं इंजेक्शन झालं आणि नाना मला सायकलवर घेऊन परस्पर कारखान्याकडं निघाले. नोकरी सोडतो म्हणून सांगायचं आणि लगेच परत यायचं, एवढंच काम होतं. त्यांनी मला फाटकावर वॉचमनजवळ बसवलं. "आलोच," म्हणाले. आत जाताना त्यांनी पँटला हात पुसले.

मी कारखाना पहिल्यांदाच बघत होते. फाटकाच्या आत पत्र्याची मोठी शेड होती आणि तिच्या पोटात कुठं तरी केशरी उजेड हलत होता. बाहेर भंगाराचे डोंगर होते. मोडलेल्या सायकली, डबे, पत्रे, पाइप. क्रेन त्यातला घास उचलायची आणि आत न्यायची. मी प्रत्येक घासात बंद नळकांडं शोधत होते. सगळीच मला बंद वाटत होती.

नाना येईनात.

"काका, माझे नाना कुठं राहिले?" मी वॉचमनला विचारलं.

त्यानं आत कुणाला तरी हाक मारून विचारलं. "दुसरा मेल्टर आला नाही म्हणे आज. साहेबांनी सांगितलं, एवढी भट्टी भरून, रस उतरवून दे आणि मग जा. झालंच, पोरी. घाबरतीस कशाला?"

मी उठून उभी राहिले. क्रेननं घास उचलला. तो आत गेला. मी फाटकाचे गज धरले. उजेड मोठा झाला, पत्र्याच्या छतापर्यंत गेला, आणि आतून धाडदिशी आवाज आला. गजांतून माझ्या हातांना धक्का बसला.

मी ओरडले. काय ओरडले आठवत नाही. फाटकाच्या फटीतून आत शिरायला बघत होते आणि वॉचमननं मला मागून धरलं होतं.

"अगं पोरी, काही झालं नाही! ढीग पडला की होतो आवाज! रोजचा आवाज आहे हा!"

"सोडा मला! नाना!"

शेडच्या तोंडाशी धूर होता. त्या धुरातून एक माणूस बाहेर आला. डोक्यावर टोप, अंगावर जाड कातडी झगा, तोंड काळं. तो थांबला, झगा काढला, तिथंच खाली टाकला आणि चालत आला. फाटकापाशी आल्यावर मला ओळखू आलं.

"रोजचाच आवाज आहे," वॉचमन त्यांना म्हणाला. "तुमची पोर उगाच भ्याली."

"उगाच नाही," नाना म्हणाले. "मलाही तो कधी रोजचा वाटला नाही."

पगाराचं नंतर बघू, म्हणाले. मला सायकलवर बसवलं. पण थोडं पुढं रस्त्यावर नाल्याचा एक कठडा होता, तिथं ते उतरले. सायकल कठड्याला लावून ते तिथंच बसले. मीही बसले. मागून कारखान्याचा घरघराट येत होता.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"एका दाळ मिलमध्ये वजनकाट्यावर माणूस पाहिजे म्हणत होते. विचारतो."

"पगार?"

"पावपट."

पुढं ते त्या काट्यावर लागले आणि तिथंच राहिले. काही महिने चार पैसे मागं पडायचे, काही महिने नाही. माझं शिक्षण झालं, लग्न झालं. नाना अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले, गल्लीतल्या इतर सगळ्यांसारखेच, एक दिवसही लवकर नाही.

पण ते सगळं पुढचं. त्या सकाळी आम्हाला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. नाना कठड्यावर बसले होते, त्यांचे गुडघे अजून हलत होते, आणि माझेही. लाज दोघांनाही वाटत नव्हती. रस्त्यानं भंगाराचे ट्रक भरून कारखान्याकडं चालले होते. एक ड्रायव्हर ओळखीचा असावा. त्यानं गाडी हळू केली आणि खिडकीतून विचारलं, "काय मेल्टर, आज इथं? तब्येत बरी नाही का?"

"नाही," नाना मोठ्यानं म्हणाले. "भीती वाटतेय, म्हणून बसलोय."

ड्रायव्हरनं कठड्यावरच्या आम्हा दोघांकडं बघितलं. त्यानं मान हलवली आणि ट्रक पुढं नेला.